चार तास, पाच धरा

मन्मथअप्पा लाईन विकायला जातात आणि गिऱ्हाइकासमोर खुर्चीत टेकल्या टेकल्या सांगतात, "ही लाईन तुटती, बरं का साहेब. वर्सातून दोनदा तरी तुटतीच. चालतंय का बघा."

आमच्या कंपनीत विक्रीच्या माणसांना तीन दिवसांची शिकवणी असते. गिऱ्हाइकासमोर काय बोलायचं नाही, याची त्यात एक यादीच देतात आणि त्या यादीत तुटण्याचा नंबर पहिला आहे. अप्पांनी ही शिकवणी आजवर चार वेळा केली. चारही वेळा चहाच्या सुट्टीत शिकवणाऱ्याला बाजूला घेऊन ते म्हणाले, "तुमचं समदं बरोबर हाय, पर ती तुटती हो."

आम्ही काय विकतो हे माझ्या सासरच्यांना बारा वर्षांत कळलेलं नाही, त्यामुळे तुम्हाला सांगून टाकतो. समजा, एका बँकेची लातूरची कचेरी आणि नांदेडची कचेरी यांच्यामध्ये जमिनीखालून एक तार जाते. तिच्यावरून फक्त त्या बँकेचाच कारभार चालतो, दुसऱ्या कुणाचा नाही. घरचं इंटरनेट म्हणजे एसटी, मिळेल तशी जागा धरायची. आमची लाईन म्हणजे स्वतःची जीप. डाळमिलवाले, दवाखाने, क्लासवाले, पतसंस्था असे लोक ती घेतात. निदान घ्यायचे. आता गल्लोगल्ली केबलवाला फायबर घेऊन दारात उभा असतो आणि आमच्या एका महिन्याच्या भाड्यात वर्षभर देतो म्हणतो. त्यामुळे आमचं मार्केट काय म्हणतंय, असं कुणी विचारलं की मी हवापाण्यावर बोलतो.

मी इंजिनिअर आहे. म्हणजे अप्पा म्हणतात ती तुटते, तेव्हा जोडायला जातो. लातूरच्या आमच्या कचेरीत दोन खोल्या आहेत. यंत्रांच्या खोलीला एसी आहे आणि माणसांच्या खोलीला पंखा. अप्पा माझ्या समोरच्या टेबलावर बसतात. वय अठ्ठावन्न, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, शर्टाच्या खिशात एक वही. लाईन विकण्याआधी ते आमच्या कचेरीपासून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत सगळी वाट स्कूटरवरून फिरून येतात आणि वाटेतला एकेक खड्डा वहीत लिहितात. मग ती वही गिऱ्हाइकापुढे उघडतात.

एकदा एमआयडीसीतल्या एका डाळमिलवाल्याकडे मी त्यांच्याबरोबर होतो. अप्पांनी वहीवर बोट ठेवलं. "हितं नालीचं काम करून राहिले. हितं पुढच्या साली पाण्याची पाईप येणार हाय. आन् हितं एक मंगल कार्यालय हाय, ते मांडवासाठी कुठं बी खड्डे करतेत."

डाळमिलवाला थकून म्हणाला, "अप्पा, तुम्ही विकायला आलाव का अडवायला?"

"इकायलाच आलो की. पर आधी खड्डा दाखवावा. नंतर तुम्ही आमच्या नावानं ओरडलाव तर आमचं चुकलं, आन् आधी सांगून बी तुम्ही घेतली तर तुमचं चुकलं."

त्याने घेतली नाही. 'कधीच तुटणार नाही' म्हणणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून घेतली. ती दीड महिन्यात तुटली, तेव्हा त्याने फोन अप्पांना केला. ती आमची लाईन नव्हती, तरी अप्पांनी त्याला दहा मिनिटं समजावलं की खड्डा कुठे पडला असेल. तो तिथेच पडला होता.

लाईन पडली की कंपनीचा नियम असा, की गिऱ्हाईक तक्रार करेपर्यंत गप्प राहायचं, कुणी सांगावं, त्याला कळायचंही नाही. अप्पा मात्र पडद्यावर लाल ठिपका दिसला रे दिसला की फोन उचलतात. "तुमची लाईन पडली हाय. चाकूरपाशी जेसीबीनं उडवली. चार तास लागतील, पाच धरा." कायम एक तास जास्त. मी चार तासांत जोडली की गिऱ्हाईक अप्पांना धन्यवाद देतं. उन्हात खड्ड्यात उतरलेला मी असतो, हे सांगून ठेवतो.

तो पडदा आमच्या खोलीच्या भिंतीवर आहे. त्यावर नांदेड-लातूरच्या सगळ्या लाईनी ठिपक्यांनी दिसतात, चालू ती हिरवी, बंद ती लाल. अप्पांची आणखी एक खोड या पडद्यापाशी होती. सकाळी सव्वानऊला ते येऊन बसायचे, चहा आला की कपावर बशी पालथी घालायचे आणि पडद्याकडे बघत राहायचे. साडेनऊच्या सुमाराला एकदम म्हणायचे, "हं, चला." मग बशी काढून तो कोमट झालेला चहा एका घोटात संपवायचे. मला वाटायचं, जप वगैरे असेल. सहा वर्षं मी तो चहा गार होताना बघितला आणि एकदाही विचारलं नाही. या धंद्यात माणूस इतका दमतो की दुसऱ्याच्या खोडीची चौकशी करायचीही ताकद उरत नाही.

एकदा मात्र बशी दिवसभर निघालीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी अप्पा मला म्हणाले, "जोशी, देगलूरच्या त्या कृषी केंद्राची लाईन बंद दिसून राहिली. जरा फोन लावा की." दुसऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकाला ते स्वतः फोन लावतात. मी लावला. दुकानदार तापाने आजारी होता, म्हणून दुकान बंद होतं. आता बरं आहे म्हणाला. मी तसं सांगितलं तर अप्पांनी "बरं" म्हटलं आणि कपात चहा नसतानाच बशी उचलली.

गेल्या महिन्यात पुण्याहून साहेबांचा हुकूम आला. दहा एमबीपेक्षा कमी वेगाच्या सगळ्या जुन्या लाईनी बंद करा, गिऱ्हाइकांकडची आपली यंत्रं काढून आणा. यादीत अकरा नावं होती. अप्पांनी दहांवर टिक केली आणि अकराव्यावर पेन थांबवलं.

"हे देगलूरचं राहू द्या."

"का?"

"चालू लाईन हाय."

"चालू तर अकराही आहेत, अप्पा."

दुपारी त्यांनी साहेबांना मेल लिहिला आणि मला व्याकरण तपासायला दाखवला. त्यात लिहिलं होतं, सदर ग्राहक अत्यंत महत्त्वाचा असून त्याचा लाईनवरील वापर दिवसेंदिवस वाढत आहे. मी वापराचा तक्ता उघडला. नऊ वर्षांत त्या लाईनवरून एक अक्षर गेलेलं नव्हतं, भाडं तेवढं वेळेवर येत होतं. त्या दुकानात फक्त आमचं यंत्र सकाळी चालू व्हायचं आणि संध्याकाळी बंद व्हायचं. डाळमिलवाल्याला मंगल कार्यालयाचे खड्डे दाखवणाऱ्या माणसाने साहेबांना धडधडीत खोटं लिहिलं होतं. मला राग यायला हवा होता. आली ती काळजी.

"अप्पा, कुणाचं दुकान आहे हे?"

ते म्हणाले, "काशीचं. माझ्या धाकट्या भावाचं."

मग जे कळलं ते असं. अप्पांनी विकलेली पहिली लाईन ही. भावाचं देगलूरचं दुकान आणि नांदेडचं गोदाम जोडायला भावानेच कौतुकाने घेतलेली. वर्षभर चालली. मग भावाच्या मुलीला उदगीरचं स्थळ आलं. बैठक बसली, पोहे झाले, सगळं जमल्यात जमा होतं. मुलाचे मामा सहज अप्पांना म्हणाले, "मंग, थोरले या नात्यानं तुमचं काय म्हननं?" आणि अप्पांनी मनातली वही उघडली. पोरगी गुणाची आहे, पण लहानपणी तिला फिट यायच्या, आता नाहीत, तरी आधी सांगितलेलं बरं. रागीट आहे. स्वयंपाक म्हणाल तर जेमतेम.

पाहुणे पुढच्या एसटीने गेले. काशिनाथअप्पा मोठ्या भावाला एवढंच म्हणाले, "अण्णा, ती लाईन नव्हती." त्यानंतर नऊ वर्षं एक शब्द नाही. मुलीचं पुढे नायगावला चांगल्या घरी लग्न झालं, ती शाळेत शिकवते. अप्पांना पत्रिका आली नाही.

"तो साडेनवाला दुकान उघडतो," अप्पा पडद्याकडे बघत म्हणाले. "उघडलं की यंत्राला लाईट मिळती, ठिपका हिरवा होतो. म्हंजे उठला, आंघोळ झाली, पूजा झाली, दुकानात आला. तेवढंच कळतं. तेवढं बास व्हतं बघा मला."

अप्पांच्या बायकोला जाऊन पाच वर्षं झाली, मूलबाळ नाही. हे मला माहीत होतं. त्या ठिपक्याशी त्याचा संबंध मी कधी लावला नव्हता, याची मला लाज वाटली.

साहेबांचं उत्तर एका ओळीचं आलं. वापर शून्य आहे, बंद करा.

मी अप्पांना म्हटलं, यंत्र काढायला देगलूरला जातोय, बरोबर चला. ते नाही म्हणाले. निघताना जिन्यापर्यंत आले. "एकदम बत्ती बंद करू नका. आधी त्याला सांगा."

देगलूरचे काशिनाथअप्पा दिसायला थेट अप्पांसारखेच, फक्त जरा रुंद. दुकानात खतांच्या गोण्या, औषधांच्या बाटल्या, एका गिऱ्हाइकाशी मराठीत आणि दुसऱ्याशी तेलुगूत बोलणं चाललेलं. कॉम्प्युटर केबलवाल्याच्या इंटरनेटवर. आमचं यंत्र मात्र वरच्या फळीवर, आईवडिलांच्या फोटोशेजारी, पुसूनपासून ठेवलेलं. मी काम सांगितलं.

"अण्णानं पाठिवलं?"

"नाही, कंपनीनं. ते तर राहू द्या म्हणून भांडले."

"तो भांडला?" त्यांनी गिऱ्हाईक सोडून माझ्याकडे बघितलं. "खरं सांगून भांडला का खोटं?"

"खोटं."

ते स्टुलावर बसले. मला खूण करून समोर बसवलं. "मला ताप होता तवा फोन तुम्हीच केला होता नव्हं? तिसऱ्या दिशी? बँकेनं इचारलं न्हाई, पाव्हण्यांनी इचारलं न्हाई, आन् लाईनीच्या हापिसानं तब्येत इचारली. तवाच कळलं मला, कोन बघून राहिलं ते. तवापासून मी गावाला गेलो तरी घरात सांगून जातो, साडेनवाला दुकानात जाऊन डब्बा चालू करा."

"मग एक फोन करायचा होता तुम्ही."

"त्यानं करायचा होता. थोरला तो हाय." मग काउंटरवरची धूळ झटकत, "खरं बोलला ते मला कळत न्हाई व्हय? पोरगी सोता म्हनती, काका खोटं काय बोलले? पर बैठकीत कोन बोलतं तसं?"

मी पाना काढला. त्यांनी मला थांबवलं, खुर्चीवर चढले आणि यंत्राचं बटण स्वतः बंद केलं. दिवा विझला.

"आता तिकडं लाल झालं असंल?"

"झालं असेल."

त्यांनी खिशातला मोबाईल काढून काउंटरवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले. मीही बसलो. लातूरच्या खोलीत आज फोन लावायला दुसरं कुणी नव्हतं, मी इथे होतो. एक माणूस युरिया आहे का विचारून गेला, त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

पाचेक मिनिटांनी फोन वाजला. काशिनाथअप्पांनी तो उचलून कानाला लावला. अप्पांचा आवाज फोनवर नेहमीच मोठा असतो, मला सगळं ऐकू आलं.

"हॅलो. तुमची लाईन पडली हाय."

"हाव," काशिनाथअप्पा म्हणाले. "किती तास लागतील?"

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता. ती लाईन आता कधीच येणार नाही, हे तिघांनाही माहीत होतं.

"तीन," अप्पा म्हणाले. "चार धर."

लातूरहून देगलूरला यायला एसटीने तीन तास लागतात.

काशिनाथअप्पांनी घरी निरोप पाठवला की जेवायला थांबा. मी यंत्र जीपमध्ये टाकलं, पण निघालो नाही. चार तास झाले. काशिनाथअप्पा काउंटरवरून उठून पायरीवर येऊन बसले. साडेचार तास झाले. अप्पांचा अंदाज चुकलेला मी कधी बघितला नव्हता, त्यामुळे मीही रस्त्याकडे बघायला लागलो. ते पोचले तेव्हा पाच तास होऊन गेले होते. उदगीरच्या स्टँडवर दोन गाड्या समोरून जाऊ दिल्या, त्यांनी मला नंतर सांगितलं.

पायरीपाशी ते उभे राहिले. कपाळावरची विभूती घामाने पुसट झाली होती. नऊ वर्षं त्यांनी रोज सकाळी या माणसाची खबर घेतली होती, आणि आता त्याच्याकडे नीट निरखून बघत होते.

"काशी," ते म्हणाले, "केस समदे पांढरे झाले की रं तुझे."

ठिपक्यात ते दिसलं नव्हतं.