किसनकाकांचं बेणं

आमच्या शेजारचे किसनकाका संगणकावर पत्ते खेळायला बसायच्या आधी संगणकाची प्रत काढून ठेवायचे. पत्ते म्हणजे एकट्याने खेळायचे, समोर कुणी गडी नसलेले. तरी डाव मांडण्यापूर्वी सगळं जसंच्या तसं दुसरीकडे उतरवलं जायचं. मी एकदा न राहवून विचारलं, "काका, पत्त्यांसाठी काय प्रत काढता?" तर चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "हरलो तं मागं येता आलं पाहिजे ना, पोरी."

दोन हजार चार-पाच साल असेल. मी हिंगोलीत संगणकाचा क्लास चालवत होते, त्यामुळे गल्लीतल्या यच्चयावत संगणकांची सुईण मीच होते. काका एसटीच्या डेपोतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. माइकवरून गाड्या पुकारण्यात त्यांची हयात गेली. प्रत्येक गाडी ते दोनदा पुकारायचे आणि ती निघून गेली की आणखी एकदा. गेलेली गाडी कशाला पुकारता म्हणून साहेबांनी विचारलं, तर म्हणे, "बेणं म्हणून असू द्या."

बेणं हा काकांचा लाडका शब्द. त्यांचं गाव शिरड शहापूर, घरची हळद. हळद काढली की चांगले गड्डे बाजूला काढतात, झाडाच्या सावलीत ढीग लावून पाल्याने झाकतात आणि पुढच्या लागवडीला तेच लावतात. ते बेणं. काकांच्या लहानपणी एका साली वडिलांनी सगळं बेणं एकाच ढिगात ठेवलं आणि तो ढीग आतून कुजला. मग बापलेक दारोदार बेणं मागत फिरले. कुणी दिलं, कुणी नाही दिलं. ती गोष्ट सांगताना काका शेवटी बोट वर करून म्हणायचे, "बेणं एका ढिगात ठेवू न्हाई." आणि ते नुसतं म्हणून थांबायचे नाहीत. घराच्या किल्लीचं बेणं आमच्याकडे होतं. चष्म्याचं बेणं देवघरात होतं. मी गावाला निघाले की हाक यायची, "तिकिटाची झेरॉक्स काढली का?"

अशा माणसाच्या घरी पुण्याच्या पुतण्याने आपला जुना संगणक आणून ठेवला आणि प्रत काढायची कशी तेही शिकवून गेला. झालं. काकांच्या हाती आयुष्यभराचं घबाड लागलं. लाईट जायच्या आधी एक बेणं, आली की एक बेणं, आभाळ आलं तर एक. दिवसाचा एक फोल्डर, आणि नावं काय? 'पोळ्याआधी', 'पोळ्यानंतर', 'महालक्ष्म्या बसल्या', 'महालक्ष्म्या उठल्या'. एवढ्यानेही जीव राहीना म्हणून आठवड्याला एक सीडी भरायची, कागदात गुंडाळायची आणि ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीत, कडुलिंबाच्या पाल्यात ठेवायची. कीड लागू नये म्हणून. मी पोट धरून हसले होते. माझा स्वभाव उलटा. मला काढून टाकायला आवडतं. पिशव्या, पत्रिका, जुन्या फायली, काही ठेवत नाही मी.

काकांच्या घरात माझ्या पंथाच्या एकच होत्या, त्या द्रौपदाकाकू. मूलबाळ नव्हतं, घरात दोघंच. काकू शाळेत गेलेल्या नव्हत्या, पण आवाज असा खणखणीत की गल्लीतल्या बायांनी बचत गट काढला आणि एकमुखाने अध्यक्ष काकूंना केलं. दीड महिन्यानंतरच्या सोमवारी बँकेत खातं उघडायचं होतं. अध्यक्षबाईंनी तिथं सही करायची, नाहीतर अंगठा. काकूंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "अंगठा न्हाई देणार. सही करीन."

आता काकूंना अक्षर कुठे येत होतं? मागे एकदा प्रौढांच्या वर्गाला गेल्या होत्या. तिथं त्यांच्या पाटीवरचा 'द्रौ' बघून बाया हसल्या. काकू पाटी तिथंच ठेवून घरी आल्या त्या पुन्हा गेल्या नाहीत. कागदावर गिरवायचं तर कागद मागे राहतो, कुणाच्या तरी हाती लागतो. म्हणून मी त्यांना संगणकावर पेंट उघडून दिलं. माउस धरायचा, ओढायचा, रेघ उमटते. नाही आवडली तर पुसायची, मागे डागसुद्धा राहत नाही. काकूंना हे फार पसंत पडलं. "हे बेस हाय. याला चुगली करायची सवय न्हाई," म्हणाल्या.

तुम्ही कधी माउसने 'द्रौ' लिहून बघा. मला आजही जमत नाही. काकू रोज दुपारी दार लोटून तासभर झटायच्या. फाईल एकच. कुणाला संशय येऊ नये म्हणून काकांनी तिचं नाव 'हळद' ठेवलेलं. काकू रोज तीच उघडायच्या, कालचं सगळं पुसायच्या, नवं लिहायच्या आणि सेव्ह करायच्या. उठताना काकांना दम भरायच्या, "जुनं येडंवाकडं काही ठेवू नगा. माझी आन हाय." काका मान हलवायचे.

शनिवारी सकाळी काका धावत आले. "पोरी, चल लवकर. हळद सेव्ह होऊन न्हाई राहिली. जागा न्हाई म्हणून राहिला. परवा सोमवार, अन् ही तिकडं रडायला लागली."

जाऊन बघते तर डिस्क काठोकाठ भरलेली. काकू डोळे पुसत गटाच्या बैठकीला मारुतीच्या देवळात गेल्या आणि मी पदर खोचून बसले. काकांच्या बेण्यांचे चाळीसेक फोल्डर होते. प्रत्येकात काकांची भजनं, डेपोतल्या निरोपसमारंभाचे फोटो, 'हळद', आणि पुतण्याच्या लग्नाची अख्खी सीडी. म्हणजे पुतण्या चाळीस वेळा बोहल्यावर चढला होता, तेही त्याच बायकोशी.

"काका, हे सगळं एकच आहे. शेवटचं ठेवते, बाकी उडवते."

"थांब जरा. च्या आणतो, मग बघू," म्हणत काका आत गेले. मला थांबणं माहीत नाही. मी 'हळद' तेवढी ताडून पाहिली. सगळीकडे नाव तेच, आकारमानही शेवटच्या आकड्यापर्यंत तेच. खात्री झाली. पहिले सहा फोल्डर निवडले आणि कायमचे पुसून टाकले.

काका कपबशी घेऊन आले, पडद्याकडे बघितलं आणि जागच्या जागी उभे राहिले. "पोळ्याआधी कुठं गेलं?"

"उडवलं. सगळं सारखंच होतं, काका."

"काहून उडवलं गं?" त्यांचा आवाज इतका बारीक झाला की माझाच हात माउसवरून निघाला. "सारखं कुठं व्हतं? त्यात तिची पहिली हळद व्हती."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पेंटमधला कागद तेवढाच असला की कोरा असो की लिहिलेला, फाईलचं आकारमान तेवढंच भरतं, हे मी दर बॅचला शिकवत होते. काकू रोज कालचं पुसत होत्या. पण पुसायच्या आधी काका रोज त्याचं बेणं काढून ठेवत होते. चाळीस फोल्डरांत चाळीस वेगवेगळ्या सह्या होत्या आणि मी शहाणीने त्यातल्या पहिल्या सहा खाऊन टाकल्या होत्या.

"पण काका, शेवटची चांगली आहे ना? ती तर आहे."

काका खुर्चीत बसले. "शेवटची ती आता रोज काढंल. सोमवारी बी काढंल. पहिली पुन्हा काढता येनार हाय का तिला?"

मला लाज वाटली आणि रडूही आलं. काका मात्र उठले, तडक कोठीकडे गेले, झाकण काढलं आणि खांद्यापर्यंत हात ज्वारीत घातला. एकेक पुडी बाहेर निघू लागली. वाळका पाला जमिनीवर पडत होता. पाचव्या की सहाव्या पुडीवर लिहिलं होतं, 'पोळ्याआधी'.

सीडी आत घातली. संगणक बराच वेळ घुरघुरला, थांबला, पुन्हा घुरघुरला. काकांनी हात जोडले होते. मीही जोडले असतील, आठवत नाही. मग सीडी उघडली. लग्न तिच्यात मावलं नव्हतं, पण त्या आठवड्याच्या सहाच्या सहा 'हळद' जागेवर होत्या.

काकांनी पहिली उघडली. पांढऱ्या कागदावर एक उभी काळी रेघ, तिला एक टेंगूळ, आणि पुढे माउस हातातून निसटला असावा तशी कोपऱ्यापर्यंत गेलेली एक ओढ. त्याला कुणी अक्षर म्हटलं नसतं.

"हे बघ," काका म्हणाले, "साठाव्या वर्षी हात कापत व्हता तिचा. आयुष्यात पहिल्यांदा पुरं नाव लिहायला बसली. अन् म्हणती पुसून टाका."

पाल्याचा कडवट वास सुटला होता. आम्ही दोघं एकेक उघडत बसलो. दहाव्या दिवशी 'द' ओळखू आला. विसाव्याला 'प' उलटा होता. तिसाव्याला वरच्या दोन मात्रा जागेवर बसल्या. चहा गार झाला. शेवटी आधीची सहा धरून मी एकोणचाळीस लग्नं पुसली आणि एक ठेवलं. सह्या एकूण एक राखल्या. काका म्हणाले, "लगीन एकदा झालं तं बस हाय." जागा हवी तेवढी झाली. काकू देवळातून आल्या त्या दार लोटून थेट खुर्चीत बसल्या.

सोमवारी बँकेत काकूंनी शाईचं पॅड हाताने बाजूला सारलं. माउसशी सव्वा महिना झगडलेल्या हाताला पेन म्हणजे खेळणं वाटलं असणार. 'द्रौपदा' असं ठळक लिहिलं, वर रेघ ओढली, आणि अकरा बायांच्या समोर त्या रेघेकडे थोडा वेळ बघत राहिल्या. एकीलाही हसू आलं नाही. दोघी तर पदराने डोळे पुसत होत्या.

संध्याकाळी काकू पेढे घेऊन आमच्याकडे आल्या. मागे काका. पेढा माझ्या हातावर ठेवून काकूंनी हळूच विचारलं, "पोरी, खरं सांग. त्या डब्यातलं माझं येडंवाकडं समदं पुसलंस ना? यांच्यावर माझा इस्वास न्हाई."

काका आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर फार लक्षपूर्वक वाचू लागले.

"पुसलं काकू," मी म्हणाले. "एकही राहिलं नाही."

"व्हय का? बेस झालं," म्हणत त्या समाधानाने आईशी बोलायला आत गेल्या. काकांनी कॅलेंडरवरून नजर काढली नाही, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले.

दोन दिवसांनी सकाळी ते कुंपणापाशी आले. इकडे तिकडे बघून शर्टाच्या आतून कागदाची पुडी काढली. त्यावर एवढंच लिहिलं होतं, 'हळद, समदी'.

"हे तुझ्याकडं ठेव," म्हणाले. "बेणं एका ढिगात ठेवू न्हाई."

मला काही ठेवायची सवय नाही. ती पुडी घेऊन मी आमच्या तांदळाच्या डब्यात खोल घातली. मग अंगणात जाऊन कडुलिंबाची एक डहाळी तोडून आणली आणि तिचा पाला वर पसरला.