मामाच्या रानातला पाहुणा

गोष्टीतलं ठिकाण कसं उभं करावं, हे अख्ख्या सोलापुरात माझ्याइतकं झकास कुणी शिकवत नसेल! सातवीच्या पोरांना मी बजावून ठेवलं होतं, "डोळे, कान, नाक, जीभ, कातडी, पाचही कामाला लावा. आणि खोटं एक अक्षर लिहायचं नाही!" साल चौऱ्याहत्तर. शाळा तपासायला दीपोटीसाहेब येणार होते आणि त्यांच्या शेऱ्यावर माझी नोकरी कायम व्हायची होती.

साहेब आले. सोबत हेडमास्तर गुरुबसप्पा, हातात सगळ्यात चांगल्या गोष्टीसाठी बक्षिसाचं पुस्तक. मी ऐटीत वर्गातल्या सगळ्यात हुशार पोरीला, निंगव्वाला, उभं केलं.

"माज्या गोष्टीचं ठिकाण मंगळवेढ्याला, मामाच्या रानात," तिनं सुरू केलं. "गेल्या शुक्रवारी तितं हुरडा हुता."

त्या शुक्रवारी मीही मंगळवेढ्यालाच हुरडा हाणत होतो. आणि रजेच्या अर्जात? माझे सासरे वारले होते! त्यांच्यासाठी गुरुबसप्पांनी सगळी शाळा दोन मिनिटं उभी केली होती हो!

"नाकाला गोवऱ्यांचा धूर. जिभंला शेंगाचटणी, लई तिकट. कानाला, लिंबाखाली एक पावनं घोरत हुतं, गिरणीच्या भोंग्यावानी!"

"छान! पुरे. बस खाली!"

"सर, तुमीच सांगितलं की, पाची झाल्याबिगर थांबायचं न्हाय!"

"वाचू द्या हो मास्तर!" साहेब रंगात आले होते.

"पावन्याच्या अंगाला निलगिरी तेलाचा वास येत हुता."

मला बारमाही सर्दी. गुरुबसप्पांचं नाक हळूच माझ्याकडे वळलं. मी श्वास रोखला. जणू त्यानं तेलाचा वास थांबणार होता!

"बाळ," ते सावकाश म्हणाले, "कोण होता तो पाहुणा?"

निंगव्वानं माझ्याकडं पाहिलं. माझा चेहरा पांढराफटक. तिनं वहीतली पुढची ओळ तळहातानं झाकली.

"ठावं न्हाय सर. तोंडावर टावेल हुता."

साहेबांनी शेरा मारला, 'शिक्षक उत्तम, कायम करावे. मुलीचे निरीक्षण मात्र कच्चे.' तिचं हक्काचं बक्षीस दुसऱ्याच पोराला गेलं. मी टाळ्या वाजवल्या. लाज वाटली, पण वाजवल्या.

तास संपल्यावर ती टेबलाशी आली आणि तिनं हात पुढं केला.

"सर, खोटं बोल्ले मी. छडी मारा की."

कायम होऊन मला जेमतेम दहा मिनिटं झाली होती आणि राजीनामा द्यावासा वाटत होता. दिला नाही म्हणा!