फर्नांडिस बाईंचे चार वैरी

आमच्या शेजारच्या फर्नांडिस बाईंचं चार परदेशी पुरुषांशी कायमचं भांडण आहे. चौघेही कधीच वारलेत. त्यामुळेच बाईंचं फावतं, असं त्यांच्या तोंडावर म्हणायची मालवणात कुणाची छाती नाही.

बाई अध्यापक विद्यालयात बालमानसशास्त्र शिकवायच्या. मूल कसं वाढतं याचे सिद्धांत मांडणारी ही चार माणसं. बाई त्यांची नावं घेत नाहीत. एक 'स्विस', दुसरा 'रशियन', तिसरा 'व्हिएन्नावालो' आणि चौथा 'आठ पायऱ्यांवालो'. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी त्या पडवीत बसून जुनी पुस्तकं उघडतात आणि समासात शेरे मारतात. मोठ्यानं. आमच्या स्वयंपाकघरात सगळं ऐकू येतं.

"स्विस म्हणता, पोर आपल्या वयान शिकता, टप्प्याटप्प्यान. रशियन म्हणता, नाय, बाजूक जाणतो माणूस व्हयो, तेचो हात धरून पोर फुडे जाता. दोघांचा अर्धा-अर्धा खरा! मगे भांडतत कित्याक?"

भांडत फक्त बाईच असतात.

"आणि व्हिएन्नावालो?" मी कुंपणावरून काडी टाकते.

"तेचा नाव काढू नको! काय्येक झाला तरी पोराच्या आवशीचो दोष. आवशीक दुसरी कामा नाय?"

आठ पायऱ्यांवाला त्यातल्या त्यात बरा. तो म्हणे म्हातारपणीही माणूस वाढतो असं सांगतो. "पण पायरी चुकली तर मागे येवन दुरुस्त करूक गावता काय, ता धड सांगणा नाय मेलो!"

जिवंत माणसांवरही त्या तेवढ्याच तापतात. एका बालवाडीच्या स्नेहसंमेलनात चार वर्षांची पोरगी भाषण विसरून रडायला लागली आणि खालून आई "बोल, बोल" म्हणून डोळे वटारू लागली. पाहुण्या म्हणून आलेल्या बाई उठल्या, पोरीच्या हातातला माइक घेतला आणि म्हणाल्या, "भाषण संपला. टाळये वाजवा." त्यानंतर त्यांना कुणी पाहुण्या म्हणून बोलावलं नाही.

माझी मीरा साडेतीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. चार-पाच शब्द, तेही अर्धे. प्रवेशासाठी एका शाळेत नेलं, तर मुख्याध्यापिकेनं छापील यादी काढली. वाक्य बोलते? नाही. नाव सांगते? नाही. फुल्या मारून झाल्यावर म्हणाली, "तुमची मुलगी वयाच्या टप्प्याला पोचलेली नाही." मीरा तिथेच बसली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण मीराला कडेवर घेऊन घरी आले आणि रडत बसले.

बाईंना हे सांगितलं मात्र, दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन शाळेत. ऑफिसात शिरताच त्यांची मालवणी गळून पडली.

"ही यादी कुणाची?"

"नेटवरून घेतली."

"म्हणजे स्विसची. अर्धीच, आणि तीसुद्धा चुकीची उतरवलेली. खाली रशियन कुठाय? मुलीला शिकवणार कोण, ते कुठं लिहिलंय?"

"मॅडम, ओरडू नका."

"मी ओरडत नाही. शिकवतेय!"

प्रवेश अर्थातच मिळाला नाही. फाटकाबाहेर येताच बाई माझ्यावर उलटल्या. "आणि तू गो? चेडवाचे कान तपासलंस?"

"नाही."

"कित्याक नाय? रडाक वेळ गावता, कान तपासूक नाय?"

मला इतका राग आला की मी रस्ताभर त्यांच्या चार पावलं पुढे चालत राहिले. पण कुडाळच्या डॉक्टरांकडे गेले. मीराच्या दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साठलं होतं. उपचार झाले. काही महिन्यांनी संध्याकाळी पडवीत स्विसची खरडपट्टी चालू असताना मीरा कुंपणाशी गेली आणि आयुष्यातलं पहिलं अख्खं वाक्य बोलली, "बाई, ओरडू नको!"

मी पेढे घेऊन गेले. बाईंनी पुडा हातातही घेतला नाही.

"माझे आभार मानू नको," त्या चिडून म्हणाल्या. मग खाली बघत, "माझी पयली नोकरी देवबागाक, पयलीचो वर्ग. सुमन म्हणान एक चेडू. काय इचारला तरी गप. मी नुकताच शिकान इलेलंय, टप्पे तोंडपाठ. रजिस्टरात लिवलंय, 'मंदबुद्धी'. बापाशीन शाळेतसून काढल्यान तिका. तिका आयकाकच येय नाय हुता गो. कान कोणीच तपासले नाय. मी पण नाय."

पुढच्या रविवारी बाईंचा गुडघा धरला होता. चर्चमधून आल्यावर म्हणाल्या, "माका देवबागाक सोडशीत?" दर रविवारी चर्चनंतर त्या बस पकडून निघायच्या; कुठं, ते मला तेव्हा कळलं.

खाडीकाठच्या घरातून पन्नाशीची बाई हात पुसत बाहेर आली. कानात यंत्र. ही सुमन. बाई पायरीवर तिच्या अगदी समोर बसल्या, ओठ दिसतील अशा. सुमननं दुसरीचं पुस्तक उघडलं आणि शब्दाखाली बोट ठेवून वाचू लागली. 'समुद्र'पाशी अडली. चुकली. पुन्हा चुकली. मी धास्तीनं बाईंकडे पाहिलं.

त्या तिच्या तोंडाकडे बघत गप्प बसून होत्या. मासे घेऊन एक होडी आली, रिकामी झाली, परत गेली. सुमनचं बोट अजून त्याच शब्दाखाली होतं.

"सावकाश गो बाय," बाई म्हणाल्या. "माका खंय जावचा आसा?"