आजून वलसर हाय

आमच्या लॅबमध्ये ऑक्टोबरच्या उकाड्यातही पंखा लावायचा नाही. का? तर संदीपानदादाच्या काचेच्या ताटलीत फिल्म सुकतेय. "पंखा लावू नगं! वारं लागंल तिला!" अरे, फिल्म आहे की बाळंतीण?

संदीपानदादा म्हणजे आमच्या लॅबचा पीएचडीवाला, जामखेडकडचा. मी एम.एस्सी.ला, आणि माझं प्रोजेक्ट त्याच्या हाताखाली, म्हणजे भोगा! ताटली सपाट बसावी म्हणून त्याने गवंड्याची लेव्हल आणलीय. दार जरा जोरात लागलं की हा "च् च् च्" करतो, तेही ताटलीकडे बघून!

आपला विषय, म्हणजे वीज वाहून नेणारं प्लॅस्टिक, कुणालाही पकडून सांगतो. कॅन्टीनच्या मावशींनाही सोडलं नाही. "मावशी, ह्या दोन कार्बननी एकमेकाला तीन-तीन हातांनी धरलंय. आपन त्यातला एक हात सोडवायचा आन् शेजारच्याच्या हातात द्यायचा. त्यो फुडच्याला, त्यो आजून फुडच्याला. झाली साखळी!"

"आन् त्यातनं वीज जाती व्हय?"

"आशीच न्हाई जात. आयोडिनची वाफ द्यावी लागती."

"मंजी हिचे पन लाड!" मावशी म्हणाल्या.

लाडच! नुसती साखळी हवेत खराब होते, कशात विरघळतही नाही. म्हणून तिच्या अंगाला जागोजागी अणूंचा एकेक जाडजूड गट लटकवायचा. "वझं आसलं की टिकती," हे दादाचं तत्त्वज्ञान. मग ती टोल्युइन नावाच्या द्रावकात विरघळवून ताटलीत ओतायची. टोल्युइन हळूहळू उडून जातं आणि खाली उरते पातळ, पिवळीधम्मक फिल्म. घाई केली की सुरकुत्या. फाटली तर सगळं पहिल्यापासून, आणि कॅटलिस्टची बाटली संपलेली!

त्यात दिवाळीची सुट्टी लागली. दादाचं हॉस्टेल रिकामं झालं. पण माझ्या प्रोजेक्टची ही फिल्म अख्खी निघाल्याशिवाय मला कसली सुट्टी? घरी आई करंज्या तळतेय आणि मी रोज स्कूटी काढून लॅबला. "दादा, काढायची?" हा डोळे बारीक करणार, ताटलीभोवती एक चक्कर मारणार. "आजून वलसर हाय. उद्या बघू." मग दोन चहा आणणार आणि कार्बनचे हात परत सुरू! डोकं फिरायचं यार.

काल आमचे गाइड सर सहज डोकावले. झाकण उचललं, वास घेतला. "संदीपान, टोल्युइनचा वास कुठंय? ही कधीच सुकलीय की!" कडेने थोडं पाणी सोडलं आणि फिल्म अलगद सुटून तरंगत वर आली. अख्खी! एक सुरकुती नाही.

सर गेल्या गेल्या मी भडकले. "दादा, तुला कळलं नव्हतं?"

तो फिल्म बटर पेपरात ठेवत होता. "कळलं हुतं."

"मग?"

"आई-अन्ना श्रीगोंद्याला कारखान्यावर गेल्यात, ऊस तोडायला. घराला कुलूप हाय." तो त्या कागदी पाकिटाची घडी नीट करत राहिला. "हिथलीबी समदी गेली. तू तेवढी येत हुतीस."

त्याने पाकीट माझ्या हातात दिलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तुमच्यात अनारसं करत्यात का गं?"

"चल, आईलाच विचार," म्हणत मी स्कूटीची किल्ली त्याच्याकडे फेकली.

"मला गाडी येत न्हाई."

देवा! "बस मग मागे," मी म्हटलं. "आणि हे पाकीट तू धर."