तपासणीसाची मान

कनेटिकटमधल्या एका शाळेचा सुरक्षा अधिकारी वेंडेल थेयर दर उन्हाळ्यात बायको-मुलीला घेऊन व्हरमाँटच्या डोंगरात जाई, आणि डोंगराला शक्यतो स्पर्श न करता परत येई. कारण होतं गोचीड. खसखशीच्या दाण्याएवढी, गवताच्या पात्यावर पाय पसरून वाट पाहणारी, आणि चावली की लाइम रोग देऊन जाणारी. त्यांच्या गल्लीत एका शेजाऱ्याचे गुडघे वर्षभर धरले होते, दुसऱ्याचा अर्धा चेहरा लोंबला होता. तेव्हा भीती खोटी नव्हती. फक्त ती वेंडेलच्या हाती पडली होती.

यंदा मुलगी फीबी पानगळीत कॉलेजला निघून जाणार होती. तिघांनी मिळून एकदा तरी माथ्यावर बसावं, एवढीच वेंडेलच्या बायकोची, लॉर्नाची, इच्छा होती. इतक्या वर्षांत ते जमलं नव्हतं, कारण नियम.

नियम तसे साधे होते. कपडे पांढरे, म्हणजे गोचीड दिसावी. पँट मोज्यांत खोचलेली, मोज्यांच्या तोंडाला चिकटपट्टी. चालायचं वाटेच्या मधोमध, एकामागे एक. बसायचं नाही, टेकायचं नाही, फूल कितीही गोड दिसलं तरी हात लावायचा नाही. प्रत्येक वळणावर वेंडेल भिंग घेऊन दोघींची तपासणी करी. कुणाला पान घासलंच, तर सगळ्यांनी गाडीपर्यंत परत जायचं, कपड्यांवरून चिकट रोलर फिरवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. पहिल्या दिवशी फीबीला एक झुडूप घासलं. दुसऱ्या दिवशी तेच झुडूप लॉर्नाला घासलं. त्या डोंगराचं पहिलं वळण थेयर कुटुंबाइतकं बारकाईनं कुणीच पाहिलं नसेल.

"आणि तुला कोण तपासतं, बाबा?" फीबीने विचारलं.

वेंडेलने शांतपणे समजावलं की तपासणीसाला तपासायला दुसरा तपासणीस लागेल, त्याला तिसरा; कुठेतरी विश्वास ठेवावाच लागतो.

तिसऱ्या दिवशी ते बरेच वर पोचले. तिथल्या एका वळणावर वेंडेल दोघींना तपासत होता आणि समोरून अर्ध्या चड्ड्यांतली मंडळी उतरत होती. पांढरे कपडे आणि हातातलं भिंग दिसताच ती मुकाट्याने रांगेत उभी राहिली. हा कोण, कुठल्या खात्याचा, हे कुणीही विचारलं नाही. एका बाईने बूट काढायचे का, एवढं विचारलं. एका निवृत्त न्यायाधीशाने स्वतःहून शर्ट वर केला. मधे घुसणाऱ्याला मागच्यांनी दटावलं. वेंडेलला असं सुख नोकरीत कधी लाभलं नव्हतं. रांगेला जागा व्हावी म्हणून तो मागे सरला, आणि सगळी रांग संपेपर्यंत झुडपाला पाठ लावून लोकांची सुरक्षा पाहत राहिला.

पुढे निघाल्यावर लॉर्ना त्याच्या मागून चालत होती. त्याच्या कॉलरच्या वर, मानेवर, तिला एक काळा ठिपका दिसला. ठिपक्याला पाय होते, आणि त्याने तोंड केव्हाच रुतवलं होतं.

आत्ता सांगितलं, तर गाडी, रोलर, डॉक्टर आणि घर. माथा समोर दिसत होता. शिवाय गोचीड चावल्यावर रोग अंगात उतरायला सहसा एक दिवस तरी जातो, हे वेंडेलनेच रोज न्याहारीला ऐकवलं होतं. तिने मागे पाहिलं. फीबीही त्याच मानेकडे पाहत होती.

"आई, थोडंच राहिलंय," फीबी हलकेच म्हणाली.

"चालत राहा," लॉर्ना म्हणाली.

माथ्यावर उघडा खडक होता, तेव्हा बसायला परवानगी मिळाली. खाली तळी चमकत होती. वेंडेलने टोपी काढली, सँडविचचा घास घेतला आणि तो तोंडातच राहिला.

"ही जायच्या आधी एकदा इथे यायचं होतं मला," तो म्हणाला. "दरवर्षी वाटायचं."

लॉर्नाने त्याच्या मानेवर हात ठेवला. "हलू नकोस. पांढरा केस आहे."

फीबीने न विचारताच चिमटा पुढे केला. लॉर्नाने सरळ, सावकाश ओढलं, आणि जे निघालं ते औषधाच्या रिकाम्या बाटलीत टाकून झाकण लावलं.

"एकसुद्धा गोचीड नाही," वेंडेल तळ्यांकडे पाहत म्हणाला. "पद्धत असली की हे असं होतं."

आता सांगावं, असं तिला वाटलं. पण इतका सुखी चेहरा तिने फार वर्षांत पाहिला नव्हता.

पुढचे काही आठवडे लॉर्नाने नवऱ्याच्या मानेवर विलक्षण प्रेम केलं. चट्टा उठला नाही, ताप आला नाही. डोंगराची हवा संसाराला मानवली, असं वेंडेलचं मत झालं. गावच्या वाचनालयात त्याने आपल्या पद्धतीवर व्याख्यान दिलं, आणि श्रोत्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. इतक्या काटेकोर माणसाबरोबर राहणं अवघड जात असेल, असं एक बाई लॉर्नाला म्हणाली.

"छे, सोपं आहे," लॉर्ना म्हणाली. "फक्त मागे चालावं लागतं."

तुमचीही गेली सहल निर्विघ्न पार पडली असेल, आणि त्याचं श्रेय तुम्ही तुमच्या चोख व्यवस्थेला केव्हाच देऊन टाकलं असेल. एकदा घरात विचारून पाहा, वाटेत तुमच्या मागे कोण चालत होतं.