साळूआत्याची अट आणि राघोपंतांचे पाठांतर

एका जंगलात, मुलांनो, प्रगती यायची होती. पण ती पायी येईना. तिला रूळ हवे होते.

म्हणून वनराज वाघोबांनी रेल्वे काढली. रूळ बांबूचे, डबे सागाचे, ओढायला चार रानरेडे आणि शिट्टी मारायला एक कस्तूर पक्षी. या सगळ्यावर साहेब म्हणून गव्याला नेमले. गवेसाहेब अंगाने इतके थोर होते, की त्यांना अक्कल किती आहे हे तपासायला कोणी जवळ जात नसे.

रूळ टाकता टाकता काम जांभळीच्या माळापाशी अडले. तो माळ साळूआत्याचा. साळूआत्या म्हणजे म्हातारी साळिंदर. अंगावर काटे, जिभेवर त्याहून जास्त, पण मनाने लोणी. तिची धाकटी बहीण चिंगी घाटापलीकडे दिलेली होती. आत्याचे गुडघे धरले तेव्हापासून दोघींची भेट नव्हती. कावळा अधूनमधून खुशाली सांगे. पण खुशालीवर कुणाचे भागते? आत्याला चिंगीच्या दारात बसून तिच्याशी मनसोक्त भांडायचे होते. बहिणी-बहिणींचे असेच असते.

म्हणून ती गवेसाहेबांना म्हणाली, "जमीन फुकट घ्या. पैसा नको. पण गाडी रोज जाता-येता या जांभळीखाली थांबली पाहिजे. थांबायची बंद झाली, की माळ माझा मला परत."

"मान्य," गवेसाहेब म्हणाले. "मोठ्या मनाच्या आहात, आत्याबाई."

आता त्या जंगलात लिहिता-वाचता कोणालाच येत नव्हते. त्यामुळे तिथे खोटे कागदही नव्हते. जमिनीचा व्यवहार पोपटासमोर बोलायचा आणि पोपटाने तो पाठ करायचा, अशी रीत होती. त्या दिवशी जांभळीवर राघोपंत बसले होते. राघोपंतांचे पाठांतर म्हणजे दगडावरची रेघ. कानावर पडेल ते जसेच्या तसे, खोकल्यासकट. खोड एकच होती. म्हणताना मध्ये कोणी बोलले, की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

गाडी सुरू झाली. जांभळीखाली थांबूही लागली. आत्या दोनदा चिंगीकडे जाऊन भांडून आली. दुसऱ्या खेपेला परतीच्या गाडीची शिट्टी झाली आणि भांडण ऐन रंगात असताना अर्धे राहिले.

तेवढ्यात गवेसाहेबांना वेगाचे वेड लागले. गाडी आता मध्ये कुठेही थांबणार नाही, अशी दवंडी पिटली गेली. सशांनी टाळ्या वाजवल्या. सशांना कुठेच जायचे नव्हते, पण लवकर जाता येईल याचा त्यांना फार आनंद झाला.

आत्या कंदांचे गाठोडे घेऊन जांभळीखाली उभी राहिली. गाडी आली तशी धूळ उडवत निघून गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. आत्याला रडू आले. मग राग आला. राग तिला जास्त शोभत असे, म्हणून तिने तोच ठेवला आणि गवेसाहेबांना गाठले.

"साहेब, आपलं काय ठरलं होतं?"

"आत्याबाई, एका म्हातारीसाठी सगळ्या जंगलानं थांबायचं का?"

"सगळ्या जंगलासाठी एका म्हातारीची जमीन घेतलीत, तेव्हा नाही हे सुचलं? मी जमीन गाडीला नाही दिली, साहेब. थांब्याला दिली. थांबा नाही तर माळ परत करा."

गवेसाहेब हसले आणि चरायला गेले. आत्या वनराजांच्या दरबारात गेली.

वनराजांचे नुकतेच जेवण झाले होते. डोळे मिटत होते. रेल्वेचा वकील कोल्हा पुढे झाला. "महाराज, अटबिट काही नाही. बाईंनी जमीन फुकट दिली. त्यांच्याच पोपटाला विचारा." कोल्ह्याचा बेत साधा होता. पहिले वाक्य होऊ द्यायचे आणि राघोपंतांच्या चोचीत पेरू कोंबायचा.

राघोपंतांनी मान वाकडी केली. "'जमीन फुकट घ्या. पैसा नको. पण गाडी'"

"वा, पंत, पुरे. हा पेरू घ्या," कोल्हा म्हणाला.

राघोपंतांनी पेरू बाजूला ठेवला. "'जमीन फुकट घ्या. पैसा नको. पण'"

"दमला असाल, पंत."

"'जमीन फुकट घ्या.'"

असे बराच वेळ चालले. शेवटी वनराजांची झोप मोडली. "कोल्ह्या, आता मध्ये बोललास तर तुलाच खाईन. पंत, म्हणा."

आता अट बाहेर पडली. थांबा, जांभूळ, माळ परत, सगळे स्पष्ट. आत्याचे काटे आनंदाने उभे राहिले.

पण वनराजांनी लांबलचक जांभई दिली. "अट दिसतेय खरी. पण आत्याबाई, प्रगती म्हटली की अटी थोड्या इकडेतिकडे व्हायच्याच. तुम्ही समजूतदार आहात. जमीन रेल्वेकडेच राहू दे."

आत्याचे काटे आडवे पडले. तिने गाठोडे उचलले. चिंगीशी भांडण आता या जन्मी पुरे होणार नव्हते.

मात्र राघोपंतांचे म्हणणे संपले नव्हते आणि वनराज मध्ये बोलले होते. रीत म्हणजे रीत. "'जमीन फुकट घ्या,'" राघोपंतांनी पहिल्यापासून सुरू केले. दरबाराने कपाळाला हात लावला. अट आली, गेली. मग त्या दिवशी आत्याची पाठ वळल्यावरचे दोन खोकले झाले. मग राघोपंत हुबेहूब कोल्ह्याच्या आवाजात कुजबुजले, "'साहेब, अट कशाला मान्य केलीत?'"

आणि गव्याच्या आवाजात, "'म्हातारी किती दिवसांची? पुढचं पुढे.'"

"'उद्या वनराजांकडे गेली तर?'"

"'त्या बोक्याला काय कळतंय? पोट भरलं की घोरतो.'"

वनराजांचे दोन्ही डोळे सताड उघडले.

"शेवटचं वाक्य पुन्हा म्हणा, पंत."

राघोपंतांना शेवटचे वाक्य सुटे येत नव्हते. त्यांनी सगळे पहिल्यापासून म्हटले. या वेळी वनराजांनी एक अक्षर चुकू न देता ऐकले.

"दिलेला शब्द मोडणं हे महापाप आहे," ते गरजले. "माझ्या राज्यात हे खपायचं नाही. माळ आत्याबाईंचा."

आत्याने माळ घेतला आणि तिथल्या तिथे जुन्याच अटीवर रेल्वेला परत दिला. एक अट तेवढी वाढवली. तिचे गाठोडे गवेसाहेबांनी स्वतः डब्यात चढवायचे.

दुसऱ्या दिवशी गाडी जांभळीखाली थांबली. गवेसाहेबांनी गाठोडे चढवले. घाटापलीकडे चिंगी दारातच बसली होती.

"आलीस? मला वाटलं हरलीस म्हणून तोंड लपवतेस."

"हरेन तुझ्यापुढे?" आत्या म्हणाली आणि गळ्यात पडली. साळिंदरांनी गळ्यात पडणे सोपे नसते, पण त्यांनी ते जमवले. मग भांडायला बसल्या.

वनराजांनीही त्या दिवसापासून एक सुधारणा केली. सरकारी व्यवहार यापुढे पोपटासमोर न करता माशासमोर करावेत, असा हुकूम निघाला.

तात्पर्य : शेवटी विजय सत्याचाच होतो. फक्त त्या सत्यात राजाविषयी एखादे वाक्य असावे लागते.