नाना बंदूक निवडतात

रोज सकाळी शेजारच्या गच्चीवरून आमच्या पाण्याच्या टाकीवर गोळ्या झाडल्या जातात. तोंडाने. आधी "ठो!" असा एक बार ऐकू येतो, मागोमाग "ठो, ठो, ठो!" आणि शेवटी "गेलं!" असा हळहळीचा उद्गार. टाकीवरची कबुतरं मान वळवूनसुद्धा बघत नाहीत. कॉलनीत नवीन आलेली माणसं मात्र घाबरतात. मागे समोरच्या घरात राहायला आलेल्या बाईंनी तर पोलिसांना फोन केला. पोलीस आले, जिना चढून गच्चीवर गेले, तर नानांच्या हातातली बंदूक सागवानी लाकडाची निघाली. हवालदाराने ती खांद्याला लावून पाहिली आणि "बॅलन्स चांगला आहे" म्हणाला. पुढचे कितीतरी दिवस नाना जाईल तिथे ते वाक्य सांगत होते.

नाना जळगाव आगारात वाहतूक नियंत्रक होते. आयुष्यभर गाड्यांची घोषणा केल्यामुळे त्यांना पक्षीसुद्धा वेळापत्रकाने जाताना दिसतात. "नशिराबादकडून येणारे बगळे आज उशिरा आहेत," असं ते कठड्यावरून मला सांगतात. बायको कमलताई जाऊन चार वर्षं झाली, मुलगा पुण्याला असतो. नशिराबादजवळ वडिलोपार्जित केळीचा मळा आहे, तो बटाईने दिला आहे. आणि वडिलांकडून आलेला बंदुकीचा परवाना आहे. सगळा घोळ त्या परवान्याचा.

वडिलांची जुनी दुनळी बंदूक गंजून निकामी झाली, ती नानांनी रीतसर जमा केली. परवाना त्यांच्या नावावर झाला आणि नवीन बंदूक घ्यायला मुदत मिळाली. मुदतीत घेतली नाही तर परवाना रद्द. दुसरा कोणी असता तर त्याने दुकानात जाऊन एक बंदूक उचलून आणली असती. नानांनी अभ्यास सुरू केला.

अभ्यासात त्यांना सेमी-ऑटोमॅटिक नावाची चीज सापडली. एकदा घोडा ओढला की बार निघतो, रिकामं काडतूस आपसूक बाहेर उडतं आणि पुढचं आपसूक आत येतं. मग सकाळच्या गच्चीवरच्या दोन "ठो"चे चार झाले. पण सेमी-ऑटोमॅटिकमध्ये दोन जाती. एक काडतुसाच्या गॅसवर चालणारी, दुसरी बंदुकीच्या धक्क्यावर चालणारी. गॅसवाली खांद्याला मऊ, पण सारखी साफ करावी लागते. धक्क्यावाली स्वच्छ आणि हलकी, पण खांदा सोलून काढते. धुळ्याच्या दुकानदाराकडे दोन्ही होत्या. यातली कोणती, या एका प्रश्नावर नानांनी जवळजवळ तीन वर्षं काढली.

मी शाळेत इंग्रजी शिकवते, एवढाच माझा गुन्हा. बंदुकीबद्दल मोबाईलवर जे काही सांगितलं जातं ते सगळं अमेरिकेतली दाढीवाली माणसं इंग्रजीत सांगतात, आणि ती फक्त दोनच गोष्टींवर बोलतात. तळ्यावरची बदकं आणि रानातली टर्की. मी वह्या तपासायला बसले की कठड्यावरून हात आणि हातात मोबाईल यायचा. "मॅडम, हा बुवा काय सांगून राहिला बघा ना जरा."

"तो म्हणतोय बदकांना लांब नळी बरी, टर्कीला आखूड."

"आणि केळीत?"

"केळीबद्दल तो काही बोलला नाही, नाना."

"कसा बोलेल? त्याच्याकडे केळी कुठे आहेत!" असं म्हणून नाना त्या अमेरिकन माणसाला मोठ्या मनाने माफ करायचे.

एकदा मी वैतागून विचारलं, "नाना, आपल्याकडे शिकारीला बंदी. बदकाला हात लावलात तर तुरुंगात जाल. टर्की तर आपल्या रानात नाहीच. तुम्हाला फक्त केळीतली रानडुकरं पळवायला हवेत बार काढायचा आहे. त्याला कुठलीही बंदूक चालेल!"

नाना मनापासून दुखावले. "हवेतसुद्धा नेम लागतो, मॅडम," ते म्हणाले.

टर्की पाहिल्याशिवाय टर्कीच्या बंदुकीचा अंदाज कसा येणार, म्हणून एका पोल्ट्रीवाल्याकडून त्यांनी एक टर्की आठ दिवसांच्या बोलीवर आणली. नर होता. पिसारा फुलवून तो कॉलनीच्या रस्त्यावर फिरायला लागला आणि दूधवाल्याने आमच्या गल्लीत यायचं सोडलं. माझ्या स्कूटीच्या आरशात त्याला स्वतःचं तोंड दिसलं, तेव्हापासून त्या दोघांचं हाडवैर जमलं. नाना लाकडी बंदूक घेऊन त्याच्यावर नेम धरायचे, आणि तो तुरुतुरु जवळ येऊन त्यांच्या हातातले भिजवलेले हरभरे खायचा. आठ दिवसांनी पोल्ट्रीवाला न्यायला आला तेव्हा नानांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. टर्की मळ्यावर गेली ती अजून तिथेच आहे, चांगली गुबगुबीत झाली आहे.

धक्क्याची परीक्षा मात्र माझ्या डोळ्यांदेखत झाली, म्हणजे आमच्या ह्यांच्या हातून झाली. नानांनी ओसरीतल्या झोक्याचा पाट काढला आणि कड्याला ज्वारीचं पोतं टांगलं. स्वतः लाकडी बंदूक खांद्याला लावून समोर उभे राहिले. पाव पोतं म्हणजे गॅसवाली, अर्धं पोतं म्हणजे धक्क्यावाली. ह्यांनी पोतं मागे ओढून सोडायचं. पाव पोत्याला नाना तोल सांभाळून हसले. अर्ध्या पोत्याला ते दिसेनासेच झाले. बघतो तर तुळशीच्या कुंडीत बसलेले, बंदूक अजून खांद्याला. कठड्यावर ठेवलेल्या फोनच्या स्पीकरमधून एक जड, संथ आवाज आला, "पडना का?"

हा आवाज आबांचा. आबा म्हणजे नानांचे साडू, कमलताईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहणार धुळे. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तोंडात तंबाखूचा तोबरा भरून बोलत असावेत असा त्यांचा आवाज, आणि कुठल्याही गोष्टीला नाही म्हणायची खोड. माझी खात्री होती की नानांच्या बंदुकीतली खरी अडचण हा माणूस आहे. रोज संध्याकाळी दिवेलागणीला नानांचा फोन लागायचा, आणि मी दिवसभर भाषांतर करून जमवत आणलेलं सगळं आबा पाच मिनिटांत मोडून टाकायचे.

"नाना, ती प्लास्टिकना दस्तावाली लेवू नको. काया दस्ता जळगावना ऊनमा तपी, तुना गाल भाजाई जाई."

"मग लाकडाची घेऊ?"

"लाकूडले वाळवी लागस."

"आबा, वाळवी बंदुकीला कशी लागेल?"

"दाराले लागस, मग बंदूकले काय ती भीस का?"

गॅसवाल्या बंदुकीला सिलेंडर लागतो असं आबा बरेच दिवस धरून बसले होते, आणि नळी फार लांब असली तर एसटीत कशी आणशील, ही तर त्यांची कायमची शंका. सगळा जन्म दोंडाईच्याच्या मिरची बाजारात काढलेला माणूस. त्यांचं बंदुकीचं ज्ञान आणि माझं मिरचीचं ज्ञान साधारण सारखंच. तरी नाना प्रत्येक वेळी म्हणायचे, "पक्कं झालं मॅडम, फक्त आबांचं मत घेतो." आबांचं मत आलं की पक्कं झालेलं पुन्हा कच्चं व्हायचं.

मधल्या काळात बटाईदाराने मळ्याला झटका मशीन बसवलं. तारेला सौर करंट. डुकरं एकदा चटका खाऊन गेली ती परत फिरकली नाहीत. म्हणजे बंदुकीचं कामच उरलं नाही. तरी निवड चालूच. मुदत एकदा वाढवून मिळाली होती, ती या मार्चअखेर संपत होती, आणि आता आणखी वाढणार नाही असं कचेरीतून स्पष्ट सांगण्यात आलं होतं. वडिलांपासून घरात असलेला परवाना एका हट्टी साडूपायी जाणार, हे मला बघवेना. शेवटचा रविवार आला तशी मी गाडी काढली. म्हटलं, "नाना, बसा. आधी आबांकडे जाऊ, त्यांचा होकार घेऊ, आणि संध्याकाळी दुकानातून बंदूक घेऊनच परत येऊ."

नाना इस्त्रीचा शर्ट घालून बसले, पण नेहमीसारखे बोलेनात. पारोळा मागे पडल्यावर माझा तोल गेला. मी म्हटलं, "खरं सांगा, तुम्हाला बंदूक घ्यायची आहे की नाही?"

नानांनी खिडकीबाहेर बघत उत्तर दिलं. "घेतली तर आबांशी बोलू काय, मॅडम?"

"म्हणजे?"

"त्यांना लकवा झाला ना. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. घरात कुणाशी बोलत नव्हते. डॉक्टर म्हणाले, बोलते ठेवा, नाहीतर जीभ आखडेल. मी किती विषय काढले. शेती काढली, राजकारण काढलं. हूं नाही की चूं नाही. एक दिवस सहज बंदुकीचं बोललो, तर म्हणाले, 'लेवू नको.' तीन महिन्यांत पहिलं वाक्य! मग मी दुसरी बंदूक काढली. ती पण नको म्हणाले, आणि का नको तेही सांगितलं." नाना हसले. "भांडले की जेवतात पोटभर. सूनबाई सांगते."

तो तंबाखूचा तोबरा नव्हता तर.

देवपुरात आबांचं घर. आबा बाजेवर उशीला टेकून बसले होते. धिप्पाड हाडापेराचे, दाढी नुकतीच केलेली, पाहुणे येणार म्हणून पांढरी टोपी घातलेली. सूनबाईने शेवभाजी आणि कळण्याच्या भाकरीचं जेवण वाढलं. आबा डाव्या हाताने सावकाश जेवत होते आणि घासागणिक नानांच्या नव्या युक्तिवादातली एकेक वीट काढत होते. शब्द तुटत होते, पण माघार नव्हती. जेवणं झाली, नाना पान आणायला कोपऱ्यावर गेले. दाराबाहेर चपलांचा आवाज लांब गेला तसं आबांनी मला डाव्या हाताने जवळ बोलावलं.

"मॅडम, त्याले बंदूक लेवू देऊ नका."

"का हो आबा?"

"तो एकला शे." ते थांबले, श्वास घेतला. "कमल गयी, तवपासून त्या घरमा त्यानासंगे बोलाले कोन शे? पोरगा पुनाले. बंदूकना नादमा तो रोज माले फोन करस. बंदूक लिधी का फोन बंद. मंग संध्याकायले तो काय करी? माले काय समजस बंदुकमा? मी नुसता आडवा पाय घालस." मग दाराकडे बघत हळूच म्हणाले, "त्याले सांगू नका."

मी मान हलवली. इतकी वर्षं मी या माणसाच्या नावाने बोटं मोडत होते.

नाना पान घेऊन आले. त्यांनी आपल्या हाताने आबांसाठी विड्याचे बारीक तुकडे केले. तेवढ्यात दुकानदाराचा फोन आला. रविवार असूनही तुमच्यासाठी दुकान उघडं ठेवलंय, दोन्ही बंदुका काढून ठेवल्यात, या लवकर. नानांनी फोन हातात धरून आबांकडे पाहिलं. आबांनी नानांकडे पाहिलं. दोघांकडच्या सगळ्या हरकती त्या दिवशी सकाळपासून वापरून संपल्या होत्या. नळी, दस्ता, वजन, गॅस, काहीच उरलं नव्हतं. दोघेही कावरेबावरे होऊन माझ्याकडे बघायला लागले. बंदूक घ्यायला लावायचीच असा निश्चय करून मी जळगावहून आले होते.

"नाना," मी म्हटलं, "एक तिसरी पण आहे."

"तिसरी?"

"कालच बघितली मी मोबाईलवर. गॅस आणि धक्का दोन्हींवर चालते म्हणे. ती बघितल्याशिवाय या दोघींतली घेणं काही बरोबर नाही."

असली काही बंदूक जगात आहे की नाही, मला आजही माहीत नाही. पण आबा उशीवरून सरळ उठून बसले आणि नानांनी दुकानदाराला सांगून टाकलं की आज जमत नाही. मार्च संपायला दोन दिवस होते. फोन खिशात ठेवताना त्यांचा हात थोडा रेंगाळला, वडिलांची आठवण झाली असावी. मग त्यांनी बाजेच्या कडेला बसून आबांची टोपी सरळ केली.

निघताना उन्हं कलली होती. दुकानाच्या रस्त्याला मी गाडी वळवली नाही आणि नानांनीही विचारलं नाही. पारोळा ओलांडलं आणि फोन वाजला. नाना स्क्रीनकडे बघतच राहिले. आजवर फोन नेहमी नानांनी लावलेला, आबांनी स्वतः आपल्या बोटांनी लावायची ही पहिली वेळ.

"नाना, ती तिसरी... कितली वजनदार शे?"

नानांनी फोनवर हात ठेवला. "मॅडम, काय सांगू?"

"हलकी आहे म्हणा. एकदम हलकी."

नानांनी सांगितलं. पलीकडून तो जड आवाज गाडीभर घुमला. हलकी बंदूक काय कामाची, वारा आला तर हलेल, नेम कसा लागेल! नाना चिडले. वाऱ्याने कधी बंदूक हलते का, म्हणाले. एरंडोल येईपर्यंत दोघे भांडत होते, आणि मी गाडी अगदी हळू चालवत होते.